आंतरराष्ट्रीय घडामोडींचे उन्हाळी अभ्यासक्रम: विद्यार्थी आणि पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय घडामोडींची शिस्तशीर ओळख करून देणारे उन्हाळी अभ्यासक्रम आज अनेक विद्यापीठे, संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संघटना चालवतात. कालावधी, खर्च आणि दर्जा यांत त्यांच्यामध्ये मोठी तफावत असली, तरी अर्ज करण्यापूर्वी पडणारे प्रश्न बहुतांशी सारखेच असतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जेथे आमचे स्पष्ट मत आहे, तेथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

अशा अभ्यासक्रमात नेमके काय शिकवले जाते?

राष्ट्रे एकमेकांशी कशी वागतात, का भांडतात, कशी समेट करतात आणि त्यांच्यावर कोणते नियम कितपत चालतात, हा या अभ्यासाचा गाभा आहे. बहुतेक ठिकाणी दिवसाचा पहिला भाग व्याख्याने आणि चर्चेसाठी, तर दुसरा भाग गटांतील वाचन, लेखन आणि वाटाघाटींच्या सरावासाठी राखलेला असतो. अनेक अभ्यासक्रमांचा शेवट मोठ्या सरावाने होतो. त्यात प्रत्येक विद्यार्थी एखाद्या देशाचा किंवा संघटनेचा प्रतिनिधी म्हणून बसतो आणि दिलेल्या पेचातून मार्ग काढण्याचा प्रयत्न करतो. निवृत्त राजनैतिक अधिकारी, पत्रकार किंवा मदतकार्यात काम केलेल्या व्यक्तींशी संवादही बऱ्याच ठिकाणी ठेवलेला असतो.

शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले जातेच. मग वेगळे काय मिळते?

शाळेत संस्थांची रचना शिकवली जाते. येथे ती रचना ताण आल्यावर कशी वागते, हे पाहायचे असते. उदाहरणार्थ, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १५ सदस्य असतात, त्यांपैकी ५ कायम सदस्यांना नकाराधिकार असतो आणि उरलेले १० दोन वर्षांसाठी निवडले जातात, ही माहिती पाठ्यपुस्तकात मिळते. पण नकाराधिकारामुळे परिषदच ठप्प झाली, तर पुढे काय होते?

१९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध सुरू झाले, तेव्हा सोव्हिएत संघाने चीनच्या प्रतिनिधित्वाच्या वादावरून परिषदेवर बहिष्कार टाकलेला होता. त्यामुळे दक्षिण कोरियाला मदत करण्याचे ठराव नकाराधिकाराविना संमत झाले. सोव्हिएत प्रतिनिधी ऑगस्टमध्ये परतले आणि तो मार्ग बंद झाला. त्यानंतर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आमसभेने, म्हणजे सर्व सदस्य राष्ट्रांच्या सभेने, असा ठराव केला की, कायम सदस्यांमधील मतभेदांमुळे परिषद आपली जबाबदारी पार पाडू शकली नाही, तर तो विषय आमसभेला हाती घेता येईल. सहा वर्षांनी इजिप्तमधील सुएझ कालव्यावरून उद्भवलेल्या संकटात ब्रिटन आणि फ्रान्स यांनीच नकाराधिकार वापरला, तेव्हा हाच ठराव कामी आला. विषय आमसभेकडे गेला, कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी शांतिसेनेची कल्पना मांडली आणि संयुक्त राष्ट्रांची पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली. पिअर्सन यांना १९५७ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला. नियम, त्यातील अडचण आणि त्या अडचणीवर माणसांनी शोधलेली वाट या तिन्ही गोष्टी एकाच ओघात पाहणे, हे या अभ्यासाचे वेगळेपण आहे.

कोणकोणते विषय हाताळले जातात?

यादी लांब असू शकते: युद्ध आणि शांतता, अण्वस्त्रे, व्यापार, हवामानबदल, मानवी हक्क, स्थलांतर, सागरी सीमा, सार्वजनिक आरोग्य. यांपैकी सर्व विषयांना दोन आठवड्यांत हात घालणारा अभ्यासक्रम आम्हाला संशयास्पद वाटतो. तीन-चार विषय निवडून त्यांच्या मूळ करारांपर्यंत नेणारा अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगाचा असतो.

निर्वासितांचा विषय घ्या. १९५१ चा निर्वासितविषयक करार मुळात १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे विस्थापित झालेल्यांसाठी होता, आणि तो केवळ युरोपातील घटनांपुरता ठेवण्याची मुभाही राष्ट्रांना होती. १९६७ च्या पूरक कराराने कालमर्यादा काढली आणि भौगोलिक मर्यादाही जवळजवळ संपवली. जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तेथे निर्वासिताला परत पाठवू नये, हे १९५१ च्या कराराच्या ३३ व्या कलमातील तत्त्व आहे. हे कलम स्वतः वाचलेला विद्यार्थी सीमेवर अडवलेल्या लोकांची बातमी वाचताना निराळे प्रश्न विचारतो: हे लोक करारातील व्याख्येत बसतात का, त्या देशाने करार स्वीकारला आहे का, आणि नसल्यास त्याच्यावर दुसरे कोणते बंधन आहे?

न्यायालयांच्या बाबतीतही हेच आहे. हेगमध्ये असलेल्या दोन न्यायालयांची गल्लत मोठी माणसेही करतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयात वादी आणि प्रतिवादी राष्ट्रेच असतात, आणि तेथील १५ न्यायाधीशांची मुदत नऊ वर्षांची असते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय मात्र व्यक्तींवर खटले चालवते. ते १९९८ च्या रोम करारातून जन्मले आणि २००२ पासून अस्तित्वात आले. कोणत्या न्यायालयात काय मागता येते, हे कळल्याशिवाय बातम्यांमधील अर्ध्या चर्चा समजत नाहीत.

वाटाघाटींचा सराव कसा चालतो?

सरावाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या समितीचे कामकाज चालवले जाते. प्रतिनिधी भाषणे करतात, अनौपचारिक चर्चेत गट बांधतात, ठरावाचा मसुदा लिहितात, दुरुस्त्या सुचवतात आणि शेवटी मतदान होते. दुसरा प्रकार संकटाच्या सरावाचा. त्यात माहिती एकदम दिली जात नाही. ती तुकड्यातुकड्यांनी येते आणि प्रत्येक तुकड्यानंतर निर्णय घ्यावा लागतो.

दुसऱ्या प्रकारासाठी १९६२ चा क्यूबातील क्षेपणास्त्रांचा पेच वारंवार वापरला जातो, आणि त्याला कारण आहे. १६ ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना क्यूबात बसवल्या जात असलेल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची, टेहळणी विमानाने टिपलेली छायाचित्रे दाखवण्यात आली, तेव्हा सल्लागारांचा कल हवाई हल्ल्याकडे होता. काही दिवसांच्या चर्चेनंतर निर्णय सागरी नाकेबंदीवर आला, आणि २२ तारखेला तो जाहीर झाला. २८ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे मान्य केले. तुर्कस्तानातील अमेरिकी क्षेपणास्त्रे हटवण्याचे आश्वासन त्यावेळी गुप्तपणे देण्यात आले होते, आणि क्यूबात सोव्हिएत संघाची छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रेही होती याची अमेरिकेला तेव्हा कल्पना नव्हती. हे सारे विद्यार्थ्यांना आधी सांगितले, तर सराव निरर्थक होतो. पहिल्या दिवशी जेवढे माहीत होते तेवढ्यावरच निर्णय घ्यायला लावले, की हल्ला करण्याचा मोह किती स्वाभाविक होता आणि थांबण्यासाठी किती धीर लागला, हे त्यांना कळते.

सरावानंतरची चर्चा सरावाइतकीच महत्त्वाची आहे. कोणता निर्णय कोणत्या माहितीच्या आधारे घेतला आणि प्रत्यक्षात काय घडले, याची तपासणी होत नसेल, तर विद्यार्थी फक्त बोलण्याचा उत्साह घेऊन परततो.

मॉडेल यूएन आणि हा अभ्यासक्रम एकच आहे का?

नाही. मॉडेल यूएन ही संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाची नक्कल करणारी, विद्यार्थ्यांची दोन-तीन दिवसांची परिषद असते. तीत बहुधा बक्षिसे दिली जातात, आणि बक्षिसांमुळे काही वेळा मोठ्याने बोलणारा प्रतिनिधी पुढे जातो. उन्हाळी अभ्यासक्रमात असा सराव हा अनेक अंगांपैकी एक असतो. त्याच्या आधी वाचन असते, नंतर लेखन असते. परिषदांचा अनुभव असेल तर तो उपयोगी पडतो, नसेल तरी काही अडत नाही.

आपल्याला न पटणाऱ्या देशाची बाजू मांडावी लागली तर?

बहुतेक वेळा ती मांडावी लागतेच, आणि आमच्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. बाजू मांडणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे. एखादे राष्ट्र जे मागते आणि त्याला ज्याची खरोखर गरज असते, यांत पुष्कळदा अंतर असते; ते अंतर बाहेरून दिसत नाही, त्या राष्ट्राच्या खुर्चीत बसल्यावर दिसू लागते.

सिनाई द्वीपकल्पाचे उदाहरण पाहा. १९६७ च्या युद्धात तो प्रदेश इस्रायलच्या ताब्यात गेला. इजिप्तला संपूर्ण सिनाई परत हवे होते, तर इस्रायल ते पूर्णपणे सोडायला तयार नव्हता. नकाशावर रेघ कोठेही ओढली, तरी एका पक्षाला ती अमान्यच होती. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये कॅम्प डेव्हिड येथे तेरा दिवस चर्चा झाली. तेव्हा हे स्पष्ट झाले की, इजिप्तसाठी प्रश्न सार्वभौमत्वाचा आणि स्वाभिमानाचा होता, तर इस्रायलला चिंता होती ती आपल्या सीमेलगत रणगाडे उभे राहण्याची. त्यामुळे सिनाई इजिप्तला परत द्यायचे, पण तेथील सैन्यावर कडक मर्यादा घालायच्या, असा तोडगा शक्य झाला. १९७९ च्या मार्चमध्ये शांतता करारावर सह्या झाल्या आणि १९८२ मध्ये इस्रायलची माघार पूर्ण झाली. पॅलेस्टिनींचा प्रश्न मात्र या वाटाघाटींतून सुटला नाही, आणि चांगला शिक्षक हा भाग वगळत नाही.

ज्या विद्यार्थ्याने दोन्ही खुर्च्यांवर बसून हा सराव केला आहे, तो पुढे कोणत्याही वादात समोरच्याला आधी मूर्ख किंवा दुष्ट ठरवत नाही. आक्रमण, वंशसंहार, नागरिकांवरील अत्याचार अशा प्रसंगी मात्र मर्यादा हवी. अत्याचार करणाऱ्याचे समर्थन करणारे भाषण विद्यार्थ्याकडून करून घेणे आम्हाला गैर वाटते. त्या निर्णयांमागची यंत्रणा अभ्यासता येते आणि ती अभ्यासावीच, पण त्यासाठी नाट्यमय भाषणाची गरज नसते.

वर्गात युद्धग्रस्त प्रदेशातून आलेले विद्यार्थी असतील तर?

असे विद्यार्थी असू शकतात, हे गृहीत धरूनच विषयांची आखणी व्हायला हवी. कोणालाही त्याच्या देशाचा प्रवक्ता समजून प्रश्न विचारू नयेत, आणि एखाद्या चर्चेतून बाहेर पडण्याची मुभा कारण न विचारता मिळावी. आयोजकांनी याबाबत काय ठरवले आहे, हे पालकांनी निःसंकोच विचारावे.

अर्ज कोण करू शकतो? आधीचे ज्ञान किती लागते?

बहुतेक अभ्यासक्रम १४ ते १८ वयोगटासाठी असतात. नियमित वाचनाची सवय आणि विषयाबद्दल खरी उत्सुकता पुरेशी असते. या विषयाचा औपचारिक अभ्यास अपेक्षित नसतो.

विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने यात वेळ घालवावा का?

अवश्य घालवावा. ओझोनचा थर वाचवणारा मॉन्ट्रियल करार हा रसायनशास्त्राशिवाय झालाच नसता. क्लोरोफ्लुरोकार्बन या रसायनांमुळे त्या थराला धोका असल्याचे मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले, अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८७ च्या सप्टेंबरमध्ये करार झाला. अणुचाचणीबंदीच्या १९९६ च्या करारासाठी उभारलेले निरीक्षणजाळे भूकंपलहरी, समुद्रातील ध्वनी, अतिमंद वारंवारतेच्या ध्वनिलहरी आणि हवेतील किरणोत्सारी कण यांवर लक्ष ठेवते. तो करार अद्याप लागू झालेला नसतानाही हे जाळे काम करते आहे. देवीच्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये जाहीर केले. त्या मोहिमेत शीतयुद्धातील दोन्ही प्रतिस्पर्धी, अमेरिका आणि सोव्हिएत संघ, यांचा हातभार होता. अशा वाटाघाटींच्या टेबलाशी विज्ञान जाणणारी माणसे लागतात, आणि ती कमी पडतात असे आम्हाला वाटते.

पाल्य अबोल आहे. त्याला हे झेपेल का?

झेपेल. वाटाघाटी म्हणजे वक्तृत्वस्पर्धा नव्हे. मसुदा नेमकेपणाने लिहिणारा, दोन गटांच्या मागण्या शांतपणे ऐकून त्यांतील समान भाग टिपणारा आणि आकडेवारी तपासणारा विद्यार्थी कोणत्याही गटाला हवा असतो. तरीही वर्गसंख्या विचारून घ्यावी. मोठ्या सभागृहात अबोल मूल मागेच राहते. पंधरा-वीस जणांच्या वर्गात शिक्षकाला त्याच्यापर्यंत पोहोचता येते.

अर्जासोबतच्या निबंधात काय लिहावे?

जगात शांतता नांदावी आणि सर्व राष्ट्रांनी एकत्र यावे, अशा आशयाचे निबंध निवड करणाऱ्यांकडे ढिगाने येतात. त्यांत चूक काहीच नसते, पण लिहिणाऱ्याविषयी काही कळतही नाही. एक ठोस प्रश्न निवडा. अंटार्क्टिकावर अनेक राष्ट्रांनी हक्क सांगितलेला असताना १९५९ मध्ये १२ राष्ट्रांनी तो खंड शांततापूर्ण उपयोगासाठी राखण्याचा करार केला. हे शीतयुद्धाच्या भरात कसे शक्य झाले? किंवा, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर किनारी राष्ट्राचा हक्क १९८२ च्या सागरी कायद्याने मान्य केला असताना समुद्रावरील वाद का उरतात? असा प्रश्न घ्या, तुम्हाला काय कळले आणि काय अजून कळलेले नाही, ते सांगा. निबंध स्वतःच लिहा. संगणकीय साधनाने किंवा शिकवणीवाल्याने लिहून दिलेला निबंध अप्रामाणिक तर असतोच, शिवाय मुलाखतीत त्यावरचा पहिलाच प्रश्न अडचणीत आणतो.

शुल्क जास्त असेल, तर दर्जाही चांगला असतो का?

असा संबंध जोडू नये. शुल्कात निवास, प्रवास आणि जाहिरात यांचा वाटा मोठा असू शकतो. नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरणारा प्रत्येक अभ्यासक्रम त्या विद्यापीठाचा नसतो. अनेकदा बाहेरची कंपनी केवळ जागा भाड्याने घेते. तुमच्या पाल्याची खास निवड झाली आहे, असे सांगणारे पत्र अर्ज न करताच आले, तर ते जाहिरात समजावे.

दर्जा पाहायचा असेल, तर संपूर्ण वेळापत्रक आणि वाचनसाहित्याची यादी मागावी. कोण शिकवणार आहे, पाहुणे वक्ते एक तास येऊन जाणार की विद्यार्थ्यांच्या लेखनावर कोणी अभिप्राय देणार, हे विचारावे. स्थळदर्शनाचे दिवस किती आणि अभ्यासाचे किती, हेही मोजावे. काही उत्तम अभ्यासक्रम विनाशुल्क असतात किंवा कौटुंबिक उत्पन्न पाहून सवलत देतात. सवलतीच्या अर्जाची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधी संपू शकते, म्हणून ती आधी पाहावी. कर्ज काढून मुलाला अशा अभ्यासक्रमाला पाठवू नये, असे आमचे मत आहे.

विद्यापीठप्रवेशासाठी याचा किती उपयोग होतो?

पालक समजतात त्यापेक्षा कमी. शुल्क भरून मिळालेल्या प्रमाणपत्राला प्रवेश समित्या फारसे वजन देत नाहीत. कठोर निवडप्रक्रिया असलेल्या अभ्यासक्रमांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यापेक्षा अधिक उपयोग होतो तो तेथे सुरू झालेल्या कामाचा: पुढे वर्षभर केलेला एखादा शोधनिबंध, शाळेत सुरू केलेले चर्चामंडळ, नवी भाषा शिकण्याचा प्रयत्न. प्रमाणपत्रासाठीच जायचे असेल, तर ती सुट्टी दुसऱ्या कामाला द्यावी.

ऑनलाइन अभ्यासक्रम चालेल का?

व्याख्याने आणि वाचन यांसाठी चालेल. वाटाघाटींचा सराव मात्र पडद्यावर निम्माच होतो, कारण खऱ्या तडजोडी बैठकीच्या मधल्या वेळेत, दोघे-तिघे बाजूला उभे राहून बोलतात तेव्हा होतात. खर्च किंवा प्रवास शक्य नसेल, तर छोट्या गटाचा ऑनलाइन अभ्यासक्रम निवडावा.

निवासी अभ्यासक्रमात सुरक्षिततेबाबत काय विचारावे?

रात्री वसतिगृहात जबाबदार प्रौढ व्यक्ती कोण असते, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते का, आजारपणात काय केले जाते, वैद्यकीय विमा कोणाकडून असतो आणि तक्रार कोणाकडे करायची, या प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. परदेशात जायचे असल्यास व्हिसाचा प्रकार त्या देशाच्या नियमांवर, तसेच अभ्यासक्रमाचा कालावधी आणि श्रेयांक यांवर अवलंबून असू शकतो. ही माहिती दलालाकडून न घेता त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी.

जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

संयुक्त राष्ट्रांची सनद वाचावी. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सह्या झालेल्या या दस्तऐवजात १११ कलमे आहेत; ती सर्व एका दमात वाचण्याची गरज नाही. पहिले आणि दुसरे प्रकरण, तसेच वाद शांततेने मिटवण्याविषयीचे सहावे आणि बळाच्या वापराविषयीचे सातवे प्रकरण नीट वाचले, तरी पाया पक्का होतो. त्यानंतर एकच चालू प्रश्न निवडून त्यावरील बातम्या किमान दोन विरोधी देशांच्या वृत्तपत्रांतून काही आठवडे वाचाव्यात आणि कोणती गोष्ट एका ठिकाणी आहे पण दुसऱ्या ठिकाणी नाही, याची नोंद ठेवावी.

सरावासाठी देश आधीच कळवला असेल, तर त्या देशाने आमसभेत प्रत्यक्ष कसे मतदान केले आणि त्याचे प्रतिनिधी काय बोलले, हे संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य पाहता येते. भूमिकापत्र लिहिताना त्या देशाला काय हवे, ते का हवे, तो कोठे मागे सरकू शकतो आणि कोठे नाही, एवढ्या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. भारताने १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली नाही, हे लिहून भागत नाही. १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेली राष्ट्रे आणि उर्वरित जग अशी विभागणी तो करार करतो आणि भारताचा आक्षेप या भेदभावाला आहे, हे लिहिल्यावर भूमिका समजते.

अभ्यासक्रम संपल्यावर पुढे काय करता येते?

राज्यशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, भाषा, पत्रकारिता, सार्वजनिक आरोग्य अशा अनेक वाटांनी या क्षेत्रात येता येते. दहावी-बारावीत त्यांपैकी एक ठरवून टाकण्याची घाई नको. परदेशी भाषा मात्र याच वयात सुरू करावी. अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत, पण शेजारच्या देशाची भाषा शिकणेही तितकेच उपयोगाचे असते. अभ्यासक्रमातील शिक्षकाकडून शिफारसपत्र हवे असेल, तर ते लगेच मागावे आणि सोबत आपले लेखन जोडावे, कारण काही महिन्यांनी त्यांना तुमचे काम तपशिलाने आठवेलच असे नाही.